चिरलेले वांगे, काळे पडलेले केळे आणि आपल्या पेशी

बाजारात सध्या एक शब्द फार चालतो: अँटिऑक्सिडंट. चहाच्या पाकिटावर तो असतो, रसाच्या बाटलीवर असतो, पावडरच्या डब्यावर तर मोठ्या अक्षरांत असतो. वस्तीत बॅग घेऊन येणारे, 'आधी वापरा, मग चार जणांना जोडा' असे सांगणारे लोकही हाच शब्द पुढे करतात. याने पेशी नव्या होतात, शुगर उतरते, कॅन्सर होत नाही, असे ते सांगतात. ऐकणाऱ्याच्या घरात कोणी आजारी असले की मजुरीच्या पैशातून डबा घेतला जातो, आणि कधी कधी त्या डब्यापायी दवाखान्याची गोळी बंद होते.

अँटिऑक्सिडंट हा शब्द खोटा नाही. त्यामागे पक्के विज्ञान आहे आणि ते समजायला अवघडही नाही. पण शब्द खरा असला म्हणून त्याच्या नावावर विकली जाणारी प्रत्येक वस्तू खरी ठरत नाही. म्हणून या महिन्यात तीन गोष्टी नीट समजून घेऊ. पेशींना इजा कशाने होते? झाडापाल्यातली द्रव्ये त्या इजेपासून कशी वाचवतात? आणि ही द्रव्ये आपल्याला मिळतात कुठून, ताटातून की डब्यातून?

सावद्याचे केळे काय सांगते

सावदा, रावेर, यावल हा सारा पट्टा केळीचा. सावदा स्टेशनवरून केळीचे डबे भरून दिल्लीकडे जातात. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या वस्त्यांमधले कित्येक जण केळीच्या बागेत राबतात, घड कापतात, वाहतात, गाडीत लावतात. घडाला धक्का लागला, फणी आपटली, की तेवढाच भाग काळा पडतो आणि माल उतरतो, हे त्यांना सांगावे लागत नाही.

तो भाग काळा का पडतो? केळ्याच्या पेशीत डोपामिन नावाचे द्रव्य असते. केळ्यात ते भरपूर असते आणि ते चांगले अँटिऑक्सिडंट आहे, हे जपानी शास्त्रज्ञांनी २००० साली दाखवले. त्याच पेशीत एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणणारा पदार्थही असतो. पेशी शाबूत असते तोवर हे दोघे वेगवेगळ्या कप्प्यांत राहतात. मार लागला की कप्पे फुटतात, दोघे एकत्र येतात, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि काळा रंग तयार होतो. ऑक्सिजनशी होणाऱ्या या क्रियेला ऑक्सिडेशन म्हणतात. लोखंड गंजते तेही ऑक्सिडेशनच.

हेच घरच्या घरी पाहता येते. एक वांगे चिरा आणि त्याच्या दोन फोडी वेगळ्या ठेवा. एक फोड तशीच ठेवा, दुसरीला लिंबू चोळा. अर्ध्या तासाने पाहा. पहिली तपकिरी झालेली असेल, लिंबू लावलेली बरीच पांढरी राहिली असेल. वांग्यात क्लोरोजेनिक आम्ल असते, ते हवेने काळे पडते. लिंबाच्या आंबटपणामुळे त्या विकराचे काम मंदावते, आणि लिंबातले क जीवनसत्त्व स्वतः आधी ऑक्सिडाइज होऊन वांग्याला वाचवते. दुसऱ्यावरचा वार स्वतःच्या अंगावर घेणारे द्रव्य म्हणजे अँटिऑक्सिडंट. शाळेत जाणाऱ्या मुलांना हा प्रयोग जरूर करून दाखवा.

आपल्या शरीरातल्या पेशी अशा काळ्या पडत नाहीत. पण ऑक्सिजनमुळे त्यांचेही नुकसान होते आणि तिथेही असाच बचाव चालतो.

पेशीच्या आतली चूल

आपण श्वासाने घेतलेला ऑक्सिजन रक्तातून प्रत्येक पेशीपर्यंत जातो. पेशीच्या आत मायटोकॉन्ड्रिया नावाचे बारीक भाग असतात. त्यांना पेशीच्या चुली समजा. खाल्लेली भाकरी, भात, डाळ यांच्यापासून शरीराला लागणारी ऊर्जा या चुलींत ऑक्सिजनच्या साहाय्याने तयार होते.

चूल कितीही चांगली असली तरी चार ठिणग्या उडतातच. पेशीतही तसेच होते. थोड्या ऑक्सिजनचे अर्धवट बदललेले, फार चंचल कण तयार होतात. यातल्या काहींना फ्री रॅडिकल, म्हणजे मुक्त कण म्हणतात. अशा कणात एक इलेक्ट्रॉन एकटा, जोडीविना असतो. जोडी जमवण्यासाठी तो शेजारच्या रेणूतला इलेक्ट्रॉन ओढून घेतो. मग तो शेजारी तसाच होतो आणि पुढच्याचा ओढतो. अशी साखळी सुरू होते.

या साखळीत पेशीचे तीन ठिकाणी नुकसान होते. पेशीभोवतीचे स्निग्ध आवरण खराब होते. प्रथिने बिघडतात. आणि पेशीच्या केंद्रातल्या डीएनएवर, म्हणजे आईवडिलांकडून आलेल्या सूचनांच्या दोरीवर ओरखडे पडतात. डीएनएवरचे ओरखडे दुरुस्त करण्याची सोय शरीरात आहे, पण ते फार झाले आणि काही तसेच राहिले तर पुढे कॅन्सरचा धोका वाढतो.

थोड्या ठिणग्या मात्र शरीराला हव्याच असतात. जंतू आत शिरले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी हेच कण मुद्दाम तयार करून जंतूंना मारतात. व्यायाम करताना, अंगमेहनत करताना ते थोडे वाढतात, आणि त्यामुळेच शरीर आपला बचाव मजबूत करते. त्रास होतो तो ठिणग्या फार झाल्या आणि त्या विझवणारे कमी पडले तर. या स्थितीला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे ऑक्सिजनजन्य ताण म्हणतात. मधुमेह, रक्तवाहिन्यांचे आजार, मोतीबिंदू, फुप्फुसांचे जुने आजार या सर्वांत हा ताण वाढलेला आढळतो.

शरीराचे स्वतःचे राखणदार

शरीराचे पहिले राखणदार शरीर स्वतःच तयार करते, हे विक्रेते सांगत नाहीत. १९६९ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जो मॅकॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड डिसम्यूटेज या विकराचे काम शोधून काढले. चुलीतून उडालेली पहिली ठिणगी तो पकडतो आणि तिचे हायड्रोजन पेरॉक्साइड करतो. पुढे कॅटालेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही दुसरी दोन विकरे त्याचे साधे पाणी करून टाकतात. हे काम अखंड चालू असते.

या राखणदारांनाही जेवण लागते. पहिल्याला जस्त, तांबे, मँगनीज लागतात. कॅटालेजला लोह लागते. पेरॉक्सिडेजला सेलेनियम लागते आणि ग्लुटाथायोन लागते, जे शरीर प्रथिनांपासून बनवते. डाळी, शेंगदाणे, तीळ, ज्वारी-बाजरी, अंडी, मासे, मटण यांतून हे सारे मिळते. म्हणजे जो नुसता भात आणि पातळ रस्सा खाऊन कामाला जातो, त्याच्या पेशींचे राखणदारच अर्धपोटी असतात. त्याला पावडर नको, पोटभर आणि पुरते जेवण हवे.

राखणदार नसला तर काय होते, याचे एक उदाहरण पाहा. काही लोकांच्या रक्तात जन्मतःच जी-सिक्स-पीडी नावाचे विकर कमी असते. तांबड्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया नसतात, त्यामुळे ठिणग्यांपासून वाचायला ती पेशी याच विकरावर अवलंबून असते. अशा व्यक्तीने हिवतापावरची प्रायमाक्विन गोळी घेतली किंवा कपड्यांतली डांबराची गोळी लहान मुलाने तोंडात घातली, तर तांबड्या पेशी भराभर फुटतात. लघवी काळपट होते, डोळे पिवळे होतात, माणूस पांढरा पडतो. अशी लक्षणे दिसली की लगेच दवाखाना गाठावा. आणि लहान मूल असलेल्या घरात डांबराच्या गोळ्या ठेवूच नयेत.

झाडपाला मदत कशी करतो

झाड दिवसभर उन्हात उभे असते. त्याला सावलीत पळता येत नाही. प्रखर उन्हाने त्याच्या पानातही ठिणग्या उडतात. म्हणून झाड स्वतःच्या बचावासाठी नाना द्रव्ये तयार करते. आपण भाजी आणि फळे खातो तेव्हा ती द्रव्ये आपल्याला मिळतात.

पहिले आहे क जीवनसत्त्व. ते पाण्यात विरघळते आणि रक्तात व पेशीतल्या पाण्यात राखण करते. हंगेरीचे अल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी ते मिरचीच्या एका जातीतून मोठ्या प्रमाणात काढले आणि १९३७ साली त्यांना नोबेल मिळाले. आपल्या ठेच्यातल्या हिरव्या मिरचीतही ते असते.

दुसरे आहे ई जीवनसत्त्व. ते तेलात विरघळते, म्हणून पेशीच्या स्निग्ध आवरणात बसते आणि तिथली साखळी तोडते. शेंगदाणे, करडई, तेलबिया यांतून ते मिळते. आवरणात काम करताना ई जीवनसत्त्व थकले की क जीवनसत्त्व त्याला पुन्हा उभे करते. दोघे जोडीने काम करतात.

तिसरी आहेत पिवळी, केशरी रंगद्रव्ये. गाजर, पपई, आंबा, लाल भोपळा यांत ती दिसतात. मेथी, तांदुळजा, शेवग्याचा पाला यांतही ती असतात, फक्त हिरव्या रंगामागे लपलेली. त्यातल्या बीटा-कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते.

चौथी म्हणजे पॉलिफेनॉल. जांभळाचा जांभळा रंग, कांद्याची लाली, चहाचा तुरटपणा, वांग्याचे काळे पडणे हे सारे याच द्रव्यांचे. ती रक्तात फार थोडी पोचतात आणि लवकर बाहेर टाकली जातात. मग त्यांचा उपयोग काय? सध्याच्या शास्त्राप्रमाणे त्यांचे महत्त्वाचे काम वेगळेच असावे. ती पेशीला हलका चिमटा काढतात, आणि पेशी जागी होऊन स्वतःचे राखणदार जास्त तयार करू लागते. म्हणून ही द्रव्ये रोज थोडी थोडी मिळावीत, एकदम भाराभर नकोत.

खान्देशी ताट कमी नाही

आता आपल्याच जेवणाकडे पाहू. जळगावच्या भरिताच्या वांग्यालाही २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. हे वांगे हिरवे असते, त्यामुळे जांभळ्या वांग्याच्या सालीतला रंग त्यात नसतो. पण क्लोरोजेनिक आम्ल असते गरात, आणि भरितात आपण गरच खातो. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजून, सोलून, हिरवी मिरची आणि लसूण घालून बडगीत ठेचली आणि वरून कांद्याची पात, कोथिंबीर, शेंगदाणे घातले, की एका पदार्थात पाच-सहा प्रकारची द्रव्ये एकत्र येतात. भाजताना धूर उघड्यावर जाऊ द्या आणि जळालेली साल पूर्ण काढा.

सोबत कळण्याची भाकरी असते. ज्वारी आणि सालासकट उडीद यांची ती भाकरी. ज्वारीच्या दाण्याच्या बाहेरच्या थरात आणि उडदाच्या सालात पॉलिफेनॉल असतात, प्रथिने असतात, चोथा असतो. पांढऱ्या मैद्याच्या पावात यातले फारसे काही उरत नाही. पाव-बिस्किट शहरी म्हणून मोठे आणि कळणा गावठी म्हणून लहान, असे मुलांच्या मनात बसू देऊ नका.

पावसाळ्यात अंबाडी, तांदुळजा, तरोटा आणि शेवग्याचा पाला मिळतो. हिवाळ्यात मेथी, हरभऱ्याचा पाला, गाजर, टोमॅटो, बोरे, आवळा आणि पेरू. उन्हाळ्यात कैरी, कांदा, पपई, आंबा, आणि शेवटी जांभूळ. यातले बरेच स्वस्त आहे, काही तर बांधावर मिळते. फक्त नुकतीच फवारणी झालेल्या शेताच्या बांधावरची भाजी खुडू नये.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ठरवल्याप्रमाणे प्रौढ पुरुषाला रोज ८० मिलिग्रॅम आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते. १०० ग्रॅम पेरूत ते २०० मिलिग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे हिवाळ्यातला एक मध्यम पेरू दोन दिवसांची गरज भागवतो. केळ्यात ते १० मिलिग्रॅमच्याही आत असते. केळे पोटाला आधार देते, पोटॅशियम देते, मुलांना आवडते. पण केळीच्या गावात राहतो म्हणून फळांची सारी गरज केळ्याने भागत नाही.

शिजवण्याच्या चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पालेभाजी आधी धुवावी, मग चिरावी. शिजवलेले पाणी फेकू नये. क जीवनसत्त्व उष्णतेने उडते, म्हणून लिंबू भाजी खाली उतरवल्यावर पिळावे. गाजर, भोपळा, पालेभाजी यांना चमचाभर तेलाची फोडणी हवी, कारण त्यातले केशरी द्रव्य तेलाबरोबर अंगी लागते.

चहाबद्दलही एक सूचना. चहात पॉलिफेनॉल आहेत हे खरे. पण जेवणाबरोबर चहा घेतला तर तीच द्रव्ये भाजीतले लोह बांधून ठेवतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांचे रक्त कमी आढळले. म्हणून जेवण आणि चहा यांत निदान तासाभराचे अंतर ठेवावे. जेवणात लिंबू असले तर उलट लोह चांगले लागते.

काचेच्या नळीतले आणि माणसाच्या अंगातले

भाजी-फळांत हे सारे असेल, तर त्यातले द्रव्य काढून गोळी करून दिली की जास्त फायदा होईल, असे कोणालाही वाटेल. शास्त्रज्ञांनाही वाटले. त्यांनी ते तपासून पाहिले.

फिनलंडमध्ये ५० ते ६९ वयाच्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. काहींना बीटा-कॅरोटीनची गोळी, काहींना ई जीवनसत्त्व, काहींना दोन्ही आणि काहींना नुसतीच बिनऔषधी गोळी दिली. १९९४ साली निकाल आला. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी झाला नाही, तो १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेत धूम्रपान करणारे आणि ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलेले अशा १८,३१४ लोकांवर बीटा-कॅरोटीन आणि अ जीवनसत्त्व एकत्र देऊन दुसरी चाचणी चालू होती. तिथेही गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर २८ टक्क्यांनी जास्त दिसला आणि १९९६ च्या जानेवारीत ठरलेल्या मुदतीआधीच गोळ्या थांबवाव्या लागल्या.

गाजर खाणाऱ्याला हा धोका नाही. गाजरात ते द्रव्य थोडे असते आणि शेकडो इतर द्रव्यांसोबत येते. एकच द्रव्य मोठ्या मात्रेत रोज घेणे ही वेगळी गोष्ट आहे. तंबाखूच्या धुराने आधीच त्रासलेल्या फुप्फुसात ते उलटे काम करू शकते.

डब्यांवर 'आमच्या रसात अमुक इतके अँटिऑक्सिडंट' असे आकडे छापलेले असतात. ते आकडे काचेच्या नळीतल्या परीक्षेचे असतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने पूर्वी अशा आकड्यांची मोठी यादी प्रसिद्ध केली होती. २०१२ साली त्यांनी ती मागे घेतली. नळीतल्या आकड्यावरून माणसाच्या शरीराला काय फायदा होईल हे कळत नाही, आणि कंपन्या जाहिरातीसाठी त्या यादीचा गैरवापर करत आहेत, हे कारण त्यांनी दिले.

हळदीचेही असेच. भाजीतली चिमूटभर हळद उत्तम. पण हळदीच्या अर्काच्या जड मात्रेच्या कॅप्सूल घेऊन यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. 'वनस्पतीचे आहे, अपाय होणारच नाही' हे वाक्य ऐकले की सावध व्हावे. तंबाखूही वनस्पतीच आहे.

ठिणग्या कमी करणे आधी

ताटातली भाजी ठिणग्या विझवायला मदत करते. पण कोणी चुलीत सतत पाचोळा टाकत राहिला तर विझवणारा किती पुरणार? म्हणून ठिणग्या येतात कुठून ते आधी पाहू.

तंबाखू पहिला. २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू पाहणीत महाराष्ट्रात दर चार प्रौढांमागे एकाहून जास्त जण तंबाखूचे सेवन करणारे आढळले, आणि त्यातले बहुतेक धूर न करता, म्हणजे खाऊन किंवा मिश्री लावून. बिडीच्या एकेका झुरक्यात अब्जावधी मुक्त कण असतात. गालात धरलेल्या तंबाखू-चुन्यानेही तोंडातल्या पेशींवर हाच ताण येतो. दात घासायला म्हणून मिश्री लावणाऱ्या मावश्या-आज्या 'मी तंबाखू खात नाही' असे म्हणतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. सोडायचा असेल तर १८००-११-२३५६ या सरकारी मोफत क्रमांकावर फोन करून सल्ला मिळतो.

चुलीचा धूर दुसरा. बंद खोलीत काड्या, गोवऱ्या जाळल्या की स्वयंपाक करणारी बाई आणि तिच्या मांडीवरचे मूल दिवसभर धूर घेतात. गॅस भरायला पैसे नसतील त्या महिन्यात निदान चूल उघड्यावर मांडावी, लाकूड कोरडे असावे, मुलाला दूर ठेवावे.

तिसरे फवारणीचे औषध. कपाशीसारख्या पिकांत तण मारायला पॅराक्वाट नावाचे औषध वापरतात. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणजे काय, हे त्याच्याइतके भयंकरपणे दुसरे काही दाखवत नाही. पोटात गेलेले पॅराक्वाट फुप्फुसांत साठते आणि तिथे सतत ठिणग्या पाडत राहते. फुप्फुस हळूहळू निकामी होते. त्याला उतारा नाही. कोणताही रस, कोणतीही पावडर तिथे उपयोगी पडत नाही. म्हणून ते पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही काढून ठेवू नये, घरात ठेवू नये, फवारताना हातमोजे आणि पूर्ण कपडे असावेत. ते देणे ही काम देणाऱ्या मालकाची जबाबदारी आहे, आणि मजुराने ते मागितलेच पाहिजेत.

चौथी वाढलेली साखर. रक्तातली साखर सतत जास्त राहिली की पेशीतल्या ठिणग्या वाढतात. मधुमेहात डोळे, मूत्रपिंड, पायाच्या नसा बिघडण्याचे ते एक कारण आहे. तिथे खरा अँटिऑक्सिडंट म्हणजे वेळेवर घेतलेली गोळी आणि रोजचे चालणे.

सिकल सेलच्या घरांसाठी

हा विषय आपल्या समाजाला एका कारणाने जास्त जवळचा आहे. मध्य भारतात सिकल सेलचा गुण आढळल्याची नोंद डॉ. आर. एन. शुक्ला आणि डॉ. बी. आर. सोलंकी यांनी १९५८ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात केली. विदर्भातल्या आपल्या समाजात आणि सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा यांच्यात हा आजार बराच आढळतो. खान्देशातल्या अनेक घरांची सोयरीक विदर्भात आहे, म्हणून तपासणी इथेही गरजेची.

सिकल सेलमध्ये तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते. तिच्यातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनशी लवकर बिघडते, त्यामुळे त्या पेशीत ठिणग्या जास्त उडतात आणि ती लवकर मोडते. हे कळल्यावर ताण कमी करणारी औषधे शोधली गेली. एल-ग्लुटामिन हे त्यातले एक. ते २३० रुग्णांवर तपासले गेले. सुमारे ११ महिन्यांत वेदनेचे झटके साधारण चारऐवजी तीन आले, आणि २०१७ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. फायदा झाला, पण मोजका. एवढा मोजका फायदा सांगण्यासाठीही इतकी तपासणी करावी लागते. मग तपासणीशिवाय 'सिकल मुळासकट जातो' म्हणणाऱ्याचे काय ऐकायचे?

सिकल सेलच्या रुग्णाने भाजी-फळे खावीत, पाणी भरपूर प्यावे, थंडीपासून जपावे. पण डॉक्टरांनी दिलेली हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक ॲसिडची गोळी कोणत्याही डब्यासाठी बंद करू नये. १ जुलै २०२३ पासून देशात सिकल सेल निर्मूलन मोहीम चालू आहे आणि ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी तिच्यात येते. लग्न ठरवण्याआधी पत्रिका नको, दोघांच्या रक्ताचा अहवाल पाहावा.

या महिन्यात एवढे करा

जागतिक आरोग्य संघटना दर माणशी रोज निदान ४०० ग्रॅम भाजी-फळे सांगते. आपल्या भाषेत पाच मुठी. सगळ्यांना रोज ते जमणार नाही. पण आज एक मूठ असेल तर दोन करा. एक वेळ पालेभाजी, एक वेळ फळभाजी, जेवणात कच्चा कांदा किंवा टोमॅटो, शेवटी अर्धे लिंबू. आठवड्यातून दोनदा पेरू, आवळा, बोरे यातले मोसमात मिळेल ते. मूठभर शेंगदाणे. ताटात जितके रंग जास्त तितके चांगले, हे मुलांना मोजायला सांगा.

हे जेवण घरातल्या पुरुषांपुरते ठेवू नका. भाजी सर्वांना वाढून झाल्यावर तळाला उरेल ते बाईने खायचे, ही रीत अजून कित्येक घरांत आहे. तिच्याही पेशी त्याच आणि काम तर जास्तच. ताटे सगळ्यांची एकाच वेळी वाढावीत.

काहींनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर केळी आणि फळांचे रस बेताने घ्यावे लागतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पालेभाजी अचानक खूप वाढवू नये. कॅन्सरचे उपचार चालू असतील तर अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, कारण काही उपचार याच ठिणग्यांनी कॅन्सरच्या पेशी मारतात.

आणि डबा घेऊन कोणी दारात आलाच, तर त्याला तीन प्रश्न विचारा. हे माणसांवर तपासले आहे का, आणि किती जणांवर? माझी चालू गोळी बंद करायची असे लेखी देता का? एका डब्याच्या पैशात माझ्या घरात किती दिवसांची भाजी येते? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सहसा मिळत नाहीत. तिसऱ्याचे उत्तर आठवडे बाजारात जाऊन आपले आपल्याला काढता येते.